लेस्टरमधला अथेन्सचा कायदा

ओजस आणि तारा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला खूप हसलात. मी मृत्युपत्र करत होते आणि शेजारचं जोडपं साक्षीदार म्हणून आलं होतं. मी त्या दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, फोन बाजूला ठेवायला लावले आणि तिघांच्या सह्या होईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. शेजारीणबाईंना पाणी हवं होतं, तेही मी दिलं नाही. "आजी पोलीस झालीय," असं तारा म्हणाली. तुम्हाला जेवायला हाका येत होत्या आणि ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती.

म्हणून लिहिते आहे. तुमच्या बाबाला यातलं अर्धंच ठाऊक आहे. माझ्या हातून काय झालं ते मी त्यालाही सांगितलेलं नाही. मेलबर्नला तुम्ही हे त्याच्याकडून वाचून घ्याल, म्हणजे त्यालाही एकदाचं कळेल.

गोष्ट सरांची आहे. लेस्टरमध्ये त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, म्हणून मीही नाव लिहीत नाही. ते आमच्याच नागपूरचे. वडील गिरणीत कामाला होते, घरात वर्तमानपत्रसुद्धा यायचं नाही, आणि हा माणूस इथल्या शाळेत आयुष्यभर लॅटिन आणि प्राचीन ग्रीक शिकवत होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी शनिवारी सकाळी लायब्ररीच्या वरच्या खोलीत मोफत वर्ग सुरू केला. दारावर कागद चिकटवला होता: 'प्राचीन ग्रीसमधलं कुटुंब, वारसा आणि कायदा. सर्वांना प्रवेश.' सर्व म्हणजे आम्ही सहाजण. मी तेव्हा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये होते. तुमचे आजोबा माझ्याबरोबर यायचे, कारण शनिवारी घरी एकटं बसलं की त्यांना करमत नसे.

सर खोलीत शिरायचे आणि कोटसुद्धा न काढता विचारायचे, "आज कोण मरतंय?"

पहिल्या दिवशी खुर्च्या लावायला आलेली लायब्ररीची मुलगी दचकून बाहेर गेली. पण शिकवायची त्यांची रीतच ती होती. दर शनिवारी आमच्यापैकी एकाने मरायचं. उरलेल्यांनी त्याचा मुलगा, भाऊ, विधवा, पुतण्या व्हायचं आणि अथेन्सच्या कायद्याने त्याचं घर कुणाकडे जातं यावर भांडायचं. बोलायला वेळ ठरलेला असे. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला त्यांनी खिळ्याने भोक पाडलं होतं. त्यातलं पाणी खालच्या बादलीत गळून संपलं की वाक्य अर्ध्यावर असलं तरी गप्प बसायचं. "तिथल्या कोर्टात असंच होतं," ते म्हणायचे. "खऱ्या माणसाला एवढं पाणी पुरतं."

तुमच्या आजोबांना मरायला फार आवडायचं. टेबलावर डोकं टेकून ते खुशाल डोळे मिटून घ्यायचे.

वर्गाबाहेरही सरांचं अथेन्स सुटत नसे. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, माणसांवर होता. बेलग्रेव्ह रोडवर मेथी घेताना भाव ठरला की मागच्या रांगेतल्या कुणा अनोळखी बाईला म्हणायचे, "ताई, ऐकलंत ना? पौंडाला तीन जुड्या म्हणाला हा." दुकानदार कपाळावर हात मारायचा. "सरजी, मी कधी फसवलंय का तुम्हाला?" "नाही. म्हणूनच साक्षीदार हवा. फसवल्यावर कोण साक्ष देतं?"

राहत्या घराला ते कधी 'माझं घर' म्हणत नसत. टपाल टाकणाऱ्याने विचारलं तरी म्हणायचे, 'मी राखतो ते घर.' एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, कर्ज फेडून झालं, कागद तुमच्या नावावर आहेत, मग माझं म्हणायला काय हरकत आहे?"

"बाई, ज्याला बापजाद्यांकडून काहीच मिळालेलं नाही, त्यालाच वारशाचा कायदा नीट कळतो," ते म्हणाले. "घर माणसाचं नसतं. माणूस घराचा असतो. त्याने ते पुढच्याच्या हातात द्यायचं, बस्स."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. ते पुरतं खरं नाही हे मला फार वर्षांनी कळलं.

पुढच्याच्या हातात म्हणजे सुजाताच्या.

सुजाताची आई आमच्याच हॉस्पिटलात नर्स होती, वर्ध्याची. सरांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. नवरा मूल व्हायच्या आधीच निघून गेला होता. सुजाता सात वर्षांची असताना आई कॅन्सरने गेली. जाण्याआधी तिने सरांना एवढंच विचारलं की हिला कौन्सिलच्या अनाथाश्रमात जाऊ देणार नाही ना. साठीच्या पुढचा हा एकटा, लग्न न केलेला माणूस कोर्टात गेला आणि मुलीचा पालक होऊन आला. तिची वेणी घालायला त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. दोन महिने पोर वाकड्या भांगाने शाळेत गेली.

शनिवारी ती वर्गात कोपऱ्यात बसून गणितं करायची. ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. तुमचे आजोबा नेहमीप्रमाणे मेले होते. मी त्यांची एकुलती एक मुलगी झाले होते आणि निवृत्त बसड्रायव्हर जयंतीभाई त्यांचे भाऊ. सरांनी सांगितलं, की मुलगा नसेल तर अथेन्समध्ये घर मुलीला मिळायचं नाही, मुलगी घरासोबत जायची. बापाच्या बाजूचा सगळ्यात जवळचा पुरुष पुढे येऊन तिच्याशी लग्नाचा हक्क सांगायचा, आणि पुढे तिला होणाऱ्या मुलाकडे ते घर जायचं.

"म्हणजे मी यांच्याशी लग्न करायचं?" जयंतीभाई माझ्याकडे बघून म्हणाले. "माझी बायको मला दारात उभा करणार नाही."

"बायकोला सोडायचं. तशी मुभा होती," सर म्हणाले.

आम्ही हसत होतो. कोपऱ्यातून सुजाता म्हणाली, "पण तिला कोण विचारणार?"

सरांनी डब्याच्या भोकावर बोट धरलं. पाणी थांबलं. मग म्हणाले, "अथेन्समध्ये तिला कुणी उभं करत नव्हतं. इथे करू. ये, या खुर्चीत बस." त्या दिवसापासून प्रत्येक खटल्यात शेवटचा प्रश्न तिने विचारायचा, असा नियम झाला.

आता सरांच्या चुकीकडे येते, माझी त्यानंतर. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

कौन्सिलची सोशल वर्कर वर्षातून दोनदा यायची. भली बाई होती. ती सरांना म्हणाली, की पालक असणं मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंतच पुरतं, तुम्ही तिला रीतसर दत्तक का घेत नाही? मी तिथेच बसले होते. सरांनी तिला चहा दिला आणि तासभर अथेन्स सांगितलं. तिथे दत्तक गेलेल्याचा बाप बदलत असे, आई बदलत नसे. कुठल्याही दत्तकाने कुणी आईपासून तुटत नसे. "आणि तुमचा कागद?" त्यांनी विचारलं. "तुमचा कागद हिच्या आईलाच काढून टाकतो. कायद्याने ती हिची कुणी राहत नाही. ती बाई वरच्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर गेली. तिला मी पुन्हा मारू?"

सोशल वर्करने समजावून पाहिलं. आठवणी कुणी काढून घेत नाही, हा फक्त कायदा आहे, असं ती म्हणाली.

"फक्त कायदा?" सर म्हणाले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाई, मी चाळीस वर्षं हा 'फक्त' शिकवतोय."

त्यांनी मग आपल्या पद्धतीने केलं. अथेन्समध्ये दत्तक घेतलेल्याला भावकीसमोर नेऊन उभं करत. सगळ्यांनी मान्य केलं की झालं. बुद्धपौर्णिमेला आमचा कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये असायचा. वंदना झाली, पानं मांडून झाली, आणि सर सुजाताचा हात धरून स्टेजवर चढले.

"ही सुजाता. हिची आई गेली, पण हिची आई तीच आहे आणि आडनाव तेच राहील. मी राखतो ते घर माझ्यानंतर ही राखेल. कुणाची हरकत असेल त्याने आत्ता उभं राहायचं. नंतर चालणार नाही."

कुणी उभं राहिलं नाही. मागून एक आजोबा ओरडले, "अहो सर, खीर गार होतेय!"

"हरकत आहे की नाही?"

"नाही हो, नाही! बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचंच नाव पोरीचं, तिला नको तर खीर कुणाला द्यायची?"

सगळे हसले. सरांनी प्रत्येक कुटुंबाला हात वर करायला लावला. आम्हीही केले. घरी येताना तुमचे आजोबा म्हणाले, "हे इंग्लंडमध्ये चालतं का गं?" मी म्हटलं, सरांनी विचार केला असेलच.

सरांचं रक्ताचं नातं इथे एकच होतं, थोरल्या भावाचा मुलगा मिलिंद. तो स्टॅनमोरला राहायचा आणि लंडनमध्ये बँकेत होता. महिन्या-दोन महिन्यांनी ट्रेनने यायचा, बल्ब बदलायचा, छपराचं गटार साफ करायचा, काकांना डॉक्टरकडे न्यायचा. सर त्याला चिडवायचे, "मिलिंद हे ग्रीक राजाचं नाव आहे, ठाऊक आहे ना? आमच्या घरात एकच खरा ग्रीक आणि तो स्टॅनमोरला व्याजदर मोजत बसलाय." मिलिंद हसायचा, पण मनापासून नाही. तो मुलगा वाईट नव्हता, हे मी इथेच लिहून ठेवते.

सुजाता अठरा वर्षांची झाली तेव्हा एका शनिवारी सर तुमच्या आजोबांना आणि मला म्हणाले, वर्ग संपल्यावर घरी या, साक्ष हवी आहे. मृत्युपत्राचा छापील फॉर्म त्यांनी दुकानातून आणला होता. वकिलाकडे जायला ते तयार नव्हते. अथेन्सचे लोक मृत्युपत्र बंद करून मित्राकडे ठेवत आणि साक्षीदारांना आतला मजकूर कळू देत नसत, म्हणून सरांनीही मजकुरावर टॉवेल पसरला होता. फक्त सह्यांची जागा उघडी होती.

तुमच्या आजोबांनी गाडी भलत्याच जागी लावली होती. पार्किंगचा दंड करणारा वॉर्डन येताना दिसला म्हणून ते ती हलवायला गेले. सरांनी माझ्यादेखत सही केली. मी केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू जात असल्याचा वास आला आणि मी उठून गेले. शेगडी पुसली, चहा केला. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तुमचे आजोबा परत येऊन सही करून बसले होते आणि सर लाखेचा गोळा मेणबत्तीवर धरत होते. त्यांनी पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं.

फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात सूचना होत्या. मी तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. सही राहिली, तारीख राहिली म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांना कागद परत पाठवले. त्या दिवशी मी फॉर्म उलटून पाहिला नाही.

पुढे तुमचे आजोबा गेले. त्यानंतरच्या शनिवारी सर वर्गात आले, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि सरळ धडा सुरू केला. 'आज कोण मरतंय' हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी, थंडीत, न्यूमोनियाने तेही गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरांच्या बैठकीच्या खोलीत मी पाकीट आणलं. सुजाता होती. तेव्हा ती फिजिओथेरपिस्ट होऊन आमच्याच हॉस्पिटलात लागली होती. मिलिंद होता. लाख मी फोडली. घर सुजाताला, पुस्तकं मिलिंदला, एवढंच आत होतं. सुजाता रडायला लागली. मिलिंदने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. खोली फार गप्प झाली. ती शांतता मला सहन झाली नाही, म्हणून मी बोलत सुटले. सरांनी मजकुरावर टॉवेल कसा पसरला होता, वॉर्डन कसा आला, हे गाडी हलवायला कसे धावले, मी इकडे दूध सांभाळत होते आणि परत येते तो सगळं आटोपलेलं. हसू यावं म्हणून सांगितलं.

मिलिंद हसला नाही. "म्हणजे काकू, काका सही करताना तुम्ही दोघं एकत्र नव्हतात?" त्याने विचारलं.

"नाही रे, सांगितलं ना, हे खाली होते."

"आणि ते परत येऊन सही करत होते तेव्हा तुम्ही किचनमध्ये."

"हो."

पुढच्या आठवड्यात त्याच्या सॉलिसिटरचं पत्र आलं. इंग्लंडच्या कायद्याने, करणाऱ्याने सही दोन्ही साक्षीदारांच्या एकत्र हजेरीत करावी लागते, किंवा केलेली सही दोघांसमोर आपली म्हणून सांगावी लागते. तसं झालं होतं का, हे मी लेखी कळवावं. एक साक्षीदार हयात नाही, म्हणून माझं म्हणणं महत्त्वाचं आहे.

मृत्युपत्र पडलं तर घर कुणाचं हे मला सरांच्या वर्गातली कुणीही व्यक्ती सांगू शकली असती. बायको नाही, कायद्याने मूल नाही, भाऊ नाही. भावाचा मुलगा.

सुजाता त्याच संध्याकाळी आली. कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"मावशी, तुम्ही काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"जे झालं ते फक्त तुम्हाला माहिती आहे. काका गेले." तुमच्या आजोबांना ती काका म्हणायची, सरांना बाबा.

"मिलिंदनेही ऐकलंय."

"तो ऐकला ते तुम्ही बडबडत होता तेव्हा. मिक्स-अप झाला म्हणा. नाहीतर म्हणा आठवत नाही. तुम्ही आता म्हातारी आहात मावशी, सगळे मानतील. तीन शब्द फक्त. मला आठवत नाही."

"मला आठवतंय."

"तो माझा घर आहे!" ती ओरडली. तिचं मराठी रागात नेहमी असंच मोडायचं. "माझी आई त्या घरात गेली. बाबांनी मला त्या हॉलमध्ये उभं केलं, तुम्ही हात वर केला होता. तो हात खोटा होता?"

मी म्हटलं, "नाही. आणि आता खोटं लिहिलं तर तो हातही खोटा ठरेल."

"हे सगळं तुमच्या दुधामुळे," ती म्हणाली आणि गेली.

तिचं बरोबर होतं. खोटं बोलण्याचा मोह मला झाला नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. चार दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसायचे. फक्त माझी चूक झाकली गेली असती असंही नाही, एका पोरक्या मुलीचं घर वाचलं असतं. सरांना हवं होतं तेच झालं असतं. पण जो माणूस मेथीच्या जुडीलाही साक्षीदार शोधायचा, त्याने एकदाच खरोखर मला साक्षीदार केलं होतं. मी खोटी साक्ष दिली असती, तर त्या माणसाच्या आयुष्याला काय अर्थ राहिला असता?

मी खरं लिहिलं. गाडी, दूध, ट्रे, लाख, सगळं. आणि नंतर, कुणी विचारलेलं नसताना, आणखी दोन पानं लिहिली. सरांनी रीतसर दत्तक का घेतलं नाही, सोशल वर्करला काय सांगितलं, हॉलमध्ये काय झालं, किती कुटुंबांनी हात वर केले, वेणी घालायला ते कुणाकडून शिकले. शेवटी लिहिलं की फॉर्मच्या मागच्या सूचना मी वाचल्या नाहीत, ही चूक माझी आहे.

मृत्युपत्र टिकलं नाही. सुजाताच्या सॉलिसिटरने दुसऱ्या वाटेने दावा केला, की ती त्या घरात मुलीसारखी वाढली. त्यात काय मिळेल याची खात्री कुणी देईना. तारीख जवळ आली तसा मिलिंदचा मला फोन आला. "काकू, कोर्टाआधी एकदा बसू या. तुम्ही असाल तर ती येईल." ती माझ्यासाठी येणार नव्हती, हे मला माहीत होतं. पण ती आली.

सकाळची वेळ होती. बैठकीच्या खोलीत पुस्तकांची खोकी पडली होती. सुजाता खिडकीपाशी उभी राहिली, माझ्याकडे बघितलं नाही.

मिलिंद म्हणाला, "मी व्हिलन नाही. घर विकू, तुला त्यातून व्यवस्थित देतो. फ्लॅटचं डिपॉझिट होईल."

"हुंडा नको मला."

"हुंडा काय? मी हेल्प करतोय."

"बाबा शिकवायचा. जवळचा नातेवाईक घर घेतो, मग मुलीला हुंडा देऊन पाठवून देतो. सेम आहे."

मिलिंद लालबुंद झाला. "तुला काकांनी वाढवलं ना? काकांना कुणी वाढवलं, कधी सांगितलं त्यांनी? माझ्या बाबांनी नववीत शाळा सोडली. पहिले यायचे वर्गात. घरात एकालाच शिकवणं जमणार होतं, आणि आजोबा म्हणाले मोठ्याने शिकावं. बाबा म्हणाले, नाही, धाकटा हुशार आहे. ते गिरणीत गेले. बाबा मरेपर्यंत काकांची पत्रं दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, कारण काका इंग्रजीत लिहायचे. आणि काका सगळ्या जगाला सांगत फिरायचे, मला बापजाद्यांकडून काहीच मिळालं नाही. मला घर नको होतं गं. मला त्या कागदावर माझ्या बाबांचं नाव हवं होतं. एक ओळ."

सुजाता त्याच्याकडे बघत राहिली. "मला नाही सांगितलं," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. वीस वर्षं शनिवारी ज्याच्याकडे वारसा शिकले, त्या माणसाने स्वतःला मिळालेला वारसाच लपवला होता. त्या क्षणी मला सरांचा फार राग आला. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

मग सुजाताने विचारलं, "तुझ्या बाबांचं नाव काय होतं?"

त्याने सांगितलं. तिने ते एकदा म्हणून पाहिलं.

"मग अर्धा त्यांचा," ती म्हणाली. "अर्धा माझा. पण विकायचं नाही. आणि मी भाडं देणार नाही."

"अर्धं घेऊन मी करू काय?"

"गटार साफ कर. करायचास ना?"

तीन आठवडे त्याने वेळ घेतला. त्याच्या बायकोला ते मुळीच पटलं नव्हतं, असं नंतर कळलं. मग कागद झाले. कोर्टाची तारीख रद्द झाली. सह्यांच्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही. साक्षीदार सॉलिसिटरच्या ऑफिसातलेच होते.

त्याला आता सहा वर्षं झाली. सुजाताने मला तेव्हापासून फोन केलेला नाही. हॉस्पिटलात माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला तिचीच पाळी आली होती. तिने दुसऱ्या मुलीला पाठवलं. मी तिला दोष देत नाही, आणि जे लिहिलं ते परत लिहावं लागलं तरी तेच लिहीन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हालाही असं काही तरी एकदा भेटेल.

घर उभं आहे. कागदांवर दोन नावं आहेत, एक मिलिंदचं, त्याच्या वडिलांच्या नावासकट, आणि एक सुजाताचं, तिच्या आईच्या आडनावासकट. ती तिथे राहते.